महालक्ष्मीला एकदाच जायचं, तर वन थाउजंड गिनीज की ओक्स?

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर घोड्यांच्या शर्यती बघायला नाशिकहून वर्षातून एकच खेप जमणाऱ्यांचा हा प्रश्न. दोन्ही शर्यती फिलींसाठी, म्हणजे तरुण माद्यांसाठी: गिनीज तीन वर्षांच्या, ओक्स चार वर्षांच्या. पाच वर्षांपुढची ती 'मेअर'. तिला इथे प्रवेश नाही.

इतिहासात ओक्स थोरली. मूळ शर्यत 1779 ची, इंग्लंडच्या एप्सममधली. बाराव्या अर्ल ऑफ डर्बीच्या 'द ओक्स' या वाड्यावरून नाव पडलं आणि पहिली विजेती ब्रिजेटही त्याचीच! प्रसिद्ध डर्बी त्यानंतर वर्षभराने आली. गिनीज 1814 ची, न्यूमार्केटची. नाव बक्षिसाच्या रकमेवरून (गिनी हे जुनं इंग्रजी नाणं), पहिली विजेती शार्लट.

खरा फरक अंतराचा. गिनीज 1600 मीटर. गेटमधून निघताना अडखळली, की भरपाईला जागाच उरत नाही. ओक्स 2400 मीटर, महालक्ष्मीची जवळजवळ पूर्ण फेरी. सुरुवातीला लगाम ओढत पळणारी फिली शेवटच्या सरळ पट्ट्यात रिकामी होते. म्हणून इथे वंशावळीत दमसास बघतात. गिनीज जिंकलेली ओक्सला हरते ती बहुधा यामुळेच.

प्रवास सारखाच: नाशिकरोडहून पंचवटीने दादर, तिथून पश्चिम रेल्वेच्या चर्चगेटकडे जाणाऱ्या धीम्या लोकलने तिसरं स्टेशन, महालक्ष्मी. गिनीज साधारण डिसेंबरात, ओक्स जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला. मुख्य शर्यत उशिरा असते, परतीच्या गाडीचा हिशेब आधीच करा.

पहिल्यांदाच जाणाऱ्याला, वेगाची झिंग हवी असेल तर गिनीज. जॉकीचे डावपेच आणि घोडीचा दम बघायचा असेल, इतिहासाची ओढ असेल, तर ओक्स.