हिशेब ऑफिसच्या कॉम्प्युटरवर की क्लाऊडवर?

डिचोलीत काजूचा छोटा कारखाना चालवणाऱ्या वहिनींनी विचारलं, ‘बिलं, गिऱ्हाइकांचे पत्ते, पगार हे सगळं ऑफिसातच ठेवू की क्लाऊडवर टाकू?’

क्लाऊड म्हणजे इंटरनेटवरून वापरायची, दुसऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवरची भाड्याची जागा. खर्चाचं सोपं आहे. कॉम्प्युटर एकदाच घ्यायचा, क्लाऊडचं भाडं मात्र दर वर्षी.

टिकाऊपणात गोव्याचा पावसाळा आडवा येतो. दमट हवा, विजा, सारखी जाणारी लाईट. हार्ड डिस्क कधी दगा देईल याचा नेम नाही. क्लाऊडवरचा डेटा यातून वाचतो, पण नेट गेलं की बिलिंग अडतं.

माझ्या मते खरा प्रश्न सुरक्षिततेचा. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, शिरलं तर कायम जोडून ठेवलेली बॅकअपची डिस्कही लॉक होते. म्हणून रोज संध्याकाळी बॅकअप घ्यायचा, डिस्क काढायची, कपाटात ठेवायची. क्लाऊडमध्ये चोर बहुतेकदा पासवर्डवाटे येतो. सगळ्या स्टाफला एकच पासवर्ड, तोही मॉनिटरवर चिकटवलेला, हे आधी बंद करा. प्रत्येकाला वेगळं लॉगिन आणि ओटीपी हवाच. गिऱ्हाइकांची माहिती सांभाळायची जबाबदारी दोन्हीकडे आपलीच; 2023 चा डेटा संरक्षण कायदा तेच सांगतो. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेलेच, तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

एकच काउंटर, नेट बेभरवशाचं आणि बॅकअप नेमानं घेणारा माणूस हाताशी असेल, तर ऑफिसचा कॉम्प्युटर पुरे. दुसरं दुकान म्हापशात, सीए फोंड्यात, असा पसारा असेल तर क्लाऊड घ्या. वहिनींना मी क्लाऊडच सुचवलं, शिवाय दर आठवड्याला एक प्रत वेगळ्या डिस्कवर.