जुन्या मोटारसायकलला शंख हॉर्नची जोडी: आवाज भरपूर, पण रिले लावला तरच

जुन्या मोटारसायकलींवर कंपनीकडून येणारा चपटा, एकटा चकती हॉर्न बारीक आणि चिरका वाजतो. मोकळ्या रस्त्यावर तो पुरतो. काचा बंद करून गाणी लावलेल्या कारच्या ड्रायव्हरपर्यंत मात्र तो पोचत नाही, कारण काच आणि पत्रा बारीक आवाज जास्त अडवतात. त्यावरचा सगळ्यात व्यवहारी उपाय म्हणजे १२ व्होल्टच्या शंख हॉर्नची (शंखासारखी वळलेली नळी असलेल्या हॉर्नची) जोडी: एक जाड आवाजाचा, साधारण ४०० हर्ट्झचा, आणि दुसरा ५०० च्या आसपासचा. दोन्ही एकदम वाजले की आवाज कारसारखा येतो आणि पुढचा माणूस आरशात बघतो. वस्तू म्हणून ही जोडी चांगलीच आहे. पण जुन्या वायरींनाच जोडली तर तिचा निम्मा जीव तिथेच जातो. या जोडीला नावं ठेवली जातात त्यातल्या बहुतेक वेळा दोष वायरिंगचा असतो.

म्हणून पैसे घालण्याआधी मूळ हॉर्न उतरवा, जाड वायरने थेट बॅटरीला लावून वाजवा. तिथे खणखणीत वाजला आणि गाडीवर मात्र घोगरा वाजत असेल, तर हॉर्न निर्दोष आहे. बटणाचे काळे पडलेले कॉन्टॅक्ट, गंजलेले लग (वायरीच्या टोकाचे धातूचे जोड) किंवा सैल अर्थिंग हा खरा रोग. बटण दाबलेलं असताना हॉर्नच्या दोन टर्मिनलांवर मल्टीमीटर लावा. बॅटरीवर १२.४ आणि हॉर्नवर १०.५ दिसत असेल, तर जवळजवळ दोन व्होल्ट वाटेतच खर्च होताहेत. गाडी ६ व्होल्टची असेल तर ही जोडी तिच्यासाठी नाही. बॅटरीच नसलेल्या काही जुन्या गाड्यांत हॉर्न एसीवर चालतो, तिथेही ही चालणार नाही.

खोक्यावरच्या डेसिबलच्या आकड्याला भुलू नका. तो किती अंतरावर मोजला हे छापलेलं नसेल तर त्याला अर्थ नाही. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे १० सेंटिमीटरवर मोजलेला आणि २ मीटरवर मोजलेला आकडा यांत हिशेबाने २६ डेसिबलचा फरक पडतो. एकाच ताकदीचे दोन हॉर्न एकत्र वाजवले तरी वाढतात फक्त ३ डेसिबल, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० लागतात. जोडीचा खरा फायदा आकड्यात नाही. दोन वेगळ्या सुरांत आहे.

आता विजेचं गणित. जोडी मिळून ८ ते १० अँपिअर ओढते. जुन्या गाडीतली हॉर्नची वायर अर्धा-पाऊण एमएमची (इथे एमएम म्हणजे तांब्याच्या छेदाचे चौरस मिलिमीटर) असते. अर्ध्या एमएमच्या तांब्याच्या वायरीतून जाऊन-येऊन ३ मीटर ८ अँपिअर नेले, की नुसत्या वायरीत ०.८ व्होल्ट जातात. चावीचं लॉक, बटण आणि कपलर (वायरी जोडणारा प्लग) यांतलं नुकसान वेगळं. अडीच एमएमच्या वायरीत हेच नुकसान ०.१७ व्होल्टवर येतं. शिवाय हॉर्नच्या बटणाचे कॉन्टॅक्ट एवढ्या करंटसाठी बनवलेलेच नसतात. ते जळतात, आणि मग बटण कधी लागतं, कधी लागत नाही.

यावर उपाय चार पिनांचा साधा १२ व्होल्ट, ३० अँपिअरचा रिले, म्हणजे बटणाच्या छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. काही संचांत तो वायरिंगसकट मिळतो. नसेल तर वेगळा घ्या, त्याशिवाय जोडी लावूच नका. पिन ३० ला बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून अडीच एमएमची वायर आणा आणि तिच्यात १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत बसवा. ही वायर चावी बंद असतानाही जिवंत असते. फ्यूज लांब ठेवला आणि वायर मधेच फ्रेमला घासली, तर आग लागू शकते. पिन ८७ वरून दोन्ही हॉर्नच्या एकेका टर्मिनलला वायर द्या, आणि दोन्हींची उरलेली टर्मिनलं एकत्र करून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला न्या. रंग चढवलेल्या किंवा गंजलेल्या फ्रेमवर अर्थिंगसाठी विसंबू नका.

राहिल्या ८५ आणि ८६, म्हणजे रिलेच्या कॉइलच्या पिना; त्यांना करंट मिळाला की ३० आणि ८७ आतून जोडल्या जातात. इथे सगळ्यात जास्त घोटाळा होतो. काही गाड्यांत बटण हॉर्नला पॉझिटिव्ह देतं, तर काहींत हॉर्नवर पॉझिटिव्ह कायम असतो आणि बटण फक्त अर्थ जोडतं. दुसऱ्या प्रकारच्या गाडीत हॉर्नवरची जिवंत वायर ८६ ला आणि ८५ फ्रेमला जोडली, तर चावी फिरवताच हॉर्न बोंबलायला लागतो आणि बटणाने बंद होत नाही. त्यावर सोपा मार्ग आहे: जुन्या हॉर्नवरून निघालेल्या दोन्ही वायरी तशाच उचलून ८५ आणि ८६ ला लावा. बटण कुठल्याही प्रकारचं असो, रिले बरोबरच चालेल. जुना हॉर्न एकाच वायरचा, म्हणजे स्वतःच्या पट्टीतून अर्थ घेणारा असेल, तर ती वायर ८६ ला आणि ८५ अर्थला. रिलेत आतून डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असेल तर मात्र त्यावर छापलेली दिशा पाळा. बटण दाबल्यावर हॉर्नऐवजी रिलेच टरटर करत असेल, तर कॉइलला पुरेसा व्होल्टेज मिळत नाहीये. आधी बटण साफ करा. रिले सीटखाली किंवा टाकीखाली, पिना खालच्या बाजूला येतील असा लावा, म्हणजे पाणी आत साचत नाही.

बसवण्याची जागा शोधायलाच सगळ्यात जास्त वेळ जातो. दोन्ही शंख शेजारीशेजारी बसलेच पाहिजेत असं नाही. एक इंजिनच्या डाव्या अंगाला आणि एक उजव्या, असंही चालतं. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, पुढचे शॉक पूर्ण दाबून मडगार्ड कुठवर येतं ते बघा, आणि सायलेन्सरच्या पाइपपासून लांब राहा. सिलेंडरच्या फिन्सवरची हवा अडवू नका, एअर-कूल्ड इंजिनला ती हवीच. शंखाचं तोंड खाली आणि किंचित पुढे हवं. वर किंवा सरळ समोर ठेवलं तर पावसात पाणी भरतं आणि हॉर्न गुळगुळ करतो.

हॉर्नबरोबर येणारी स्टीलची पातळ पट्टी फेकून जाड क्लॅम्प लावण्याचा मोह होतो. तसं करू नका. हॉर्नमधला पडदा कंप पावायला ती लवचिक पट्टी लागते. हॉर्न फ्रेमला कडक आवळला किंवा त्याची कड नुसती कुठे टेकली, तरी आवाज दबतो. पट्टी तीच ठेवा, नायलॉक नट (कंपनांनी सैल न होणारे) वापरा. सिंगल सिलेंडरच्या कंपनांत ही पट्टी बोल्टच्या भोकापाशी तडकते, म्हणून सर्व्हिसिंगच्या वेळी तिथे बोट फिरवून बघत जा.

हॉर्नच्या मागचा स्क्रू पडद्याबरोबर उघडमीट करणाऱ्या कॉन्टॅक्टचं अंतर ठरवतो. नवीन हॉर्नचा स्क्रू सीलबंद असतो, त्याला हात लावू नये. जुना हॉर्न जुळवायचा असेल तर आधी खूण करा, मग एका वेळी स्क्रू पाव फेऱ्याहून कमीच फिरवून ऐका. जास्त आत गेला तर कॉन्टॅक्ट सुटतच नाही, हॉर्न एकदा टक करून गप्प बसतो आणि कॉइल तापते.

बॅटरी बसेल ही भीती मात्र अनाठायी. दोन सेकंद १० अँपिअर म्हणजे ०.००६ अँपिअर-अवरही नाही. अडचण होते ती थकलेल्या किंवा अगदी लहान बॅटरीचा व्होल्टेज त्या क्षणी कोसळतो म्हणून. हॉर्न दाबताना बॅटरीवर ११.५ च्या खाली आकडा जात असेल, तर आधी बॅटरी बदला. ती अडीच अँपिअर-अवरचीच असेल, तर जोडीऐवजी चांगला एकच हॉर्न रिलेवर लावणं शहाणपणाचं.

कॉम्प्रेसरवाला एअर हॉर्न याहून मोठा वाजतो, पण १५ ते २० अँपिअर ओढतो, बोजड असतो आणि बऱ्याच मॉडेलांत उभाच बसवावा लागतो. जुन्या लहान गाडीला तो शोभत नाही आणि झेपतही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २८ क्रमांकाच्या वाहन-नियमात ७ मीटरवर ११२ डेसिबलची वरची मर्यादा आहे. मान्यतेचा शिक्का असलेली शंखांची जोडी घेतली तर सहसा तिच्या आत राहता येतं.