कोल्हापुरातलं बाळंतपण, सात महिन्यांनंतर: सिझर टळलं, स्टूल मात्र तेच
धाकट्या जावेला पाचवा लागलाय. परवा विचारत होती, "ताई, नाव कुठं घालू?" फोनवर अर्धा तास गेला तरी सांगून संपेना, म्हणून लिहायला बसले. लेक आता सात महिन्यांची आहे.

पहिल्या दवाखान्यात भिंतीवरच दर होते: नॉर्मल ३५ हजार, सिझर ८० हजार. ३६व्या आठवड्याच्या सोनोग्राफीत गळ्याभोवती नाळेचा वेढा दिसला आणि लगेच, "रिस्क कशाला? तारीख घ्या." घरी कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. नाळेचा वेढा दर चार-पाच बाळांमागे एकाला असतो, नुसत्या वेढ्यासाठी सिझर लागत नाही, कळांत ठोके बघत राहायचं, हे दुसऱ्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं.

तिथं नाव घालताना मी विचारलं, पहिलटकरणींची सिझर किती होतात? त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात खासगीत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरनं झालेली, सरकारीत १४.३ टक्के. म्हणून हा प्रश्न विचारायचाच.

कळा रात्री नऊला सुरू झाल्या. सिस्टर म्हणाल्या, "चारच सेंटिमीटर हाय, चाला जरा." कुणी घाई केली नाही. पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यावरच खऱ्या कळांचा टप्पा धरायचा आणि नुसता वेग कमी आहे म्हणून मध्ये पडायचं नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१८ मध्ये सांगितलंय. आणि आईला आत थांबू दिलं! बांगड्या टोचू नयेत म्हणून तिनं त्या कोपरापर्यंत सारून वर रबर लावला होता आणि प्रत्येक कळेला माझी कंबर मुठीनं दाबत होती. त्या मुठीवर मी अकरा तास काढले.

पण आई बसली कशावर? बिनपाठीच्या लोखंडी स्टुलावर. एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. साठीच्या बाईला अकरा तास! तिची पाठ दोन महिने धरली होती. बिल ४१ हजार झालं, त्यात पाठीची एक खुर्ची बसत नाही? मी दोनदा फोन केला. दाखल्यासाठी गेले तेव्हाही तेच स्टूल, तोच पुठ्ठा.

दुसरी तक्रार टाक्यांची. बाळ बाहेर येताना न विचारता खाली छेद दिला. सरसकट छेद देऊ नये, हेही त्याच २०१८च्या सूचनांत आहे. तीन आठवडे मला खाली बसता येत नव्हतं.

इथवर परवा लिहिलं होतं. काल चुलत बहिणीशी बोलले आणि थोडं बदलावं लागतंय. तिची वार पिशवीच्या तोंडावरच, बाळाच्या वाटेत होती, त्याच डॉक्टरांनी सिझर केलं, दोघी सुखरूप आहेत. भेटेल त्या पोरीला मी "सिझरला नाहीच म्हण" असं सांगत सुटले होते, ते आता सांगणार नाही. "का करताय, आणि थांबलं तर काय होईल?" एवढं मात्र विचारायला सांगेन.

सीपीआर, म्हणजे इथला मोठा सरकारी दवाखाना, मी बघायलासुद्धा गेले नाही, याची हळहळ वाटते. सरकारी दवाखान्यात २०११ पासून बाळंतपण मोफत आहे, सिझरसकट. आमच्याकडे नाव काढलं की नाकं मुरडतात, मीही मुरडलं. जावेला म्हटलंय, सोमवारी दोघी जाऊन बघून येऊ, आत सोबत थांबू देतात का विचारू. देत असतील तर खुर्चीचंही विचारू. नसली तर घरची रिक्षात घालून नेऊ.