टायटल नसलेली मस्टँग आणि बाँडचा खरा धनी

अमेरिकेत राहणाऱ्या आणि जुन्या मोटारींची हौस असलेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो: ‘टायटल नसले म्हणून काय झाले, बाँडेड टायटल काढून घ्या.’ टायटल म्हणजे गाडीच्या मालकीचे सरकारी प्रमाणपत्र, आणि बाँडेड टायटल म्हणजे मालकीचा पुरेसा पुरावा नसताना, बाँड म्हणजे हमीपत्र देऊन मिळवलेले टायटल. सल्ला तसा खोटा नाही, पण अर्धवट आहे, आणि न सांगितलेल्या त्या अर्ध्या भागापायी मला १४,००० डॉलरला घेतलेली गाडी ३६,००० डॉलरच्याही वर जाऊन पडली. त्या व्यवहारात विक्रेत्याने काय सांगितले, कायदा काय म्हणतो आणि या दोहोंमधल्या फटीत माझे पैसे कसे गेले, हे अशी गाडी घेऊ पाहणाऱ्यांनी आधीच वाचलेले बरे.

भारतात आपल्याला आरसी बुक हे एकच पुस्तक ठाऊक असते. अमेरिकेत गाडीची नोंदणी ही वेगळी गोष्ट आणि टायटल ही वेगळी. नोंदणी म्हणजे गाडी रस्त्यावर आणण्याची परवानगी, आणि टायटल म्हणजे ती कोणाच्या मालकीची आहे, तिच्यावर कोणाचे कर्ज आहे का, हे सांगणारे राज्य सरकारचे प्रमाणपत्र. विक्री करताना मालक त्याच कागदावर सही करून तो खरेदीदाराच्या हाती देतो. याखेरीज ‘बिल ऑफ सेल’ नावाची विक्रीची पावती असते. तिच्यावरून अमक्याने तमक्याला गाडी विकली एवढेच सिद्ध होते, विकणाऱ्याला ती विकण्याचा अधिकार होता की नाही याबद्दल ती काहीही सांगत नाही.

मी टेक्ससमध्ये राहतो. गाडी होती शेजारच्या ओक्लाहोमा राज्यात: १९६७ सालची फोर्ड मस्टँग, दोन दारांची हार्डटॉप (पक्क्या छपराची), बरीच वर्षे एका शेडमध्ये उभी असलेली. शेडच्या मालकाने ती विकायला काढली होती आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे ती त्याच्या एका दिवंगत नातेवाइकाची होती, टायटल घरातील आवराआवरीत हरवले होते आणि म्हणूनच किंमत कमी ठेवली होती. टायटलसह तशाच अवस्थेतली गाडी साधारण २०,००० डॉलरला जाते, हे मला नंतरच्या मूल्यांकनात अधिकृतपणेही कळले.

त्याने गाडी दाखवली ती मात्र जाणकाराच्या थाटात. बॉनेट उघडून, चालकाच्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर, मडगार्डच्या कडेला कंपनीनेच ठेवलेल्या खाचेजवळ, पेट्रोलमध्ये भिजवलेल्या चिंधीने त्याने कित्येक वर्षांचे तेलकट किटण पुसले आणि खाली ठोकलेला क्रमांक वर आला. सुरुवातीचा ‘७’ म्हणजे १९६७ साल, ‘आर’ म्हणजे कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील कारखाना, ‘०१’ म्हणजे हार्डटॉप, ‘सी’ म्हणजे २८९ घनइंचाचे व्ही-८ इंजिन आणि दोन नळ्यांचा कार्ब्युरेटर, आणि पुढचे सहा आकडे त्या गाडीचा अनुक्रम. चालकाच्या दारावर रिव्हेट मारून बसवलेल्या पट्टीवरही तोच क्रमांक होता. अक्षरे सरळ, खोली सारखी, आसपास वेल्डिंगचा मागमूस नाही. गाडी अस्सल होती यात आजही मला शंका नाही. परंतु क्रमांकाची तपासणी गाडीच्या अस्सलपणाची साक्ष देते, विक्रेत्याच्या मालकीची नव्हे, आणि त्या शेडमध्ये या दोन गोष्टी बेमालूमपणे एकमेकींत मिसळल्या गेल्या.

विक्रेत्याची हातोटी अशी की तो सरळ खोटे फार थोडे बोलला. न्यूयॉर्कमध्ये १९७२ आणि त्याआधीच्या मॉडेलच्या गाड्यांना टायटल देतच नाहीत, असे तो म्हणाला. ते खरे आहे. तिथे अशा गाड्यांच्या मालकीचा पुरावा म्हणून हस्तांतरणाची सोय असलेले नोंदणीपत्र चालते. पण ही गाडी न्यूयॉर्कची नव्हती. व्हर्मांट राज्य परराज्यातल्या माणसालाही जुन्या गाडीची नोंदणी टपालाने करून देते आणि त्या कागदावर पुढे आपल्या राज्यात टायटल मिळते, असेही तो म्हणाला. ही वाट पूर्वी खरोखर होती आणि हौशी लोकांत ती प्रसिद्धही होती, पण २०२३ साली व्हर्मांटने बाहेरच्या लोकांसाठी ती जवळजवळ बंद केली. चोरीची नोंद नसल्याचे दाखवणारा एक ऑनलाइन अहवाल त्याने फोनवर दाखवला. १७ अक्षरांचा प्रमाणित क्रमांक १९८१ च्या मॉडेलपासून आला आणि अशा बहुतेक सेवा तेवढाच क्रमांक स्वीकारतात. १९६७ च्या मस्टँगचा क्रमांक ११ अक्षरांचा असतो. तेव्हा तो अहवाल कोणत्या गाडीचा होता देव जाणे. शेवटी त्याने बाँडेड टायटलचे नाव काढले आणि टेक्ससमध्ये ते सहज मिळते असे सांगितले. तेही खरे निघाले, आणि खरा घात तिथेच झाला.

एक गोष्ट मात्र तो बोलला नाही. ओक्लाहोमात टायटलवरील विक्रेत्याची सही नोटरीसमोर व्हावी लागते. टायटलच नसल्यामुळे नोटरीकडे जाऊन आपली ओळख पटवण्याचा प्रसंग त्याच्यावर आलाच नाही. पावतीवर त्याने नाव लिहिले, सही केली आणि पत्ता म्हणून टपाल पेटीचा क्रमांक दिला.

टेक्ससमधली प्रक्रिया रीतसर पार पडली. गाडीची टेक्ससमध्ये नोंद नव्हती, त्यामुळे प्रशिक्षित पोलीस अधिकाऱ्याकडून क्रमांकाची तपासणी करून घ्यावी लागली. ती निर्विघ्न झाली, कारण गाडी चोरीची म्हणून कोणीही नोंदवलेली नव्हती. मूल्यांकन २०,००० डॉलरचे झाले. वस्तुस्थितीचे निवेदन आणि १५ डॉलर शुल्क भरल्यावर मोटार वाहन विभागाने बाँडची रक्कम ठरवून दिली. टेक्ससमध्ये ती गाडीच्या किमतीच्या दीडपट असते, म्हणजे माझ्या बाबतीत ३०,००० डॉलर. हमी कंपनीने काहीशे डॉलर घेऊन तो बाँड दिला, काउंटीच्या कर कार्यालयात कागद दाखल झाले आणि ‘बाँडेड’ असा शेरा असलेले टायटल माझ्या नावावर आले. हा बाँड ३ वर्षांचा असतो.

काहीशे डॉलरमध्ये ३०,००० चे संरक्षण मिळाले म्हटल्यावर कोणालाही ते विम्यासारखे वाटेल. हप्त्याला प्रीमियम म्हणतात, कागदाला पॉलिसीसारखा क्रमांक असतो, आणि विकणारी कंपनी बहुधा विमाही विकत असते. प्रत्यक्षात हा बाँड गाडी घेणाऱ्यासाठी नसतोच. राज्य सरकार पुरेशा पुराव्याविना टायटल देते आहे, तेव्हा त्यामुळे कोणा आधीच्या मालकाचे, कर्ज देणाऱ्याचे किंवा पुढच्या खरेदीदाराचे नुकसान झाले तर त्याला भरपाई मिळावी, यासाठी तो असतो; त्या भरपाईत वकिलाची वाजवी फीसुद्धा धरली जाते. हमी कंपनी दावेदाराला पैसे देते आणि मग, बाँड घेताना आपण सही केलेल्या प्रतिपूर्तीच्या कराराप्रमाणे, ते सगळे पैसे आपल्याकडून वसूल करते. थोडक्यात, हप्ता आपण भरायचा, संरक्षण दुसऱ्याला मिळायचे आणि भरपाईही अखेर आपल्याच खिशातून जायची. तो करार बाँडच्या अर्जासोबतच येतो, बारीक अक्षरांत, आणि त्यावरची सही अर्जावरच्या सहीइतक्याच सहजतेने होऊन जाते.

मी इंजिन खोलून बांधले, ब्रेक नवे केले, तळाचा गंजलेला पत्रा बदलला. बाँडची मुदत संपायला बराच अवकाश असताना हमी कंपनीचे पत्र आले: मूळ मालकाच्या मुलीने बाँडवर दावा दाखल केला होता.

मग उलगडा झाला. गाडी विक्रेत्याच्या कोणा नातेवाइकाची नव्हतीच. एका गृहस्थांनी ती त्याच्या शेडमध्ये भाड्याने ठेवली होती. ते वारल्यावर काही काळ भाडे थकले आणि याने ती विकून टाकली. टायटल हरवलेले नव्हते. ओक्लाहोमा राज्याचे, त्या गृहस्थांच्या नावाचे टायटल मुलीच्या घरी इतर कागदांत जपून ठेवलेले होते. वारसाहक्काचे काम उरकून त्या बाई गाडी न्यायला गेल्या तेव्हा शेडमधली जागा रिकामी होती. त्यांनी पोलिसांत तक्रार दिली, टायटलवरचा क्रमांक शोधला गेला आणि टेक्ससमध्ये माझ्या नावावर नोंद सापडली.

भाडे थकल्यावर शेडवाल्याला काहीच करता येत नाही, असे नाही. ठेवलेल्या वस्तूवर भाड्यापोटी हक्क सांगता येतो, पण त्यासाठी नोंदीतल्या मालकाला रीतसर नोटीस द्यावी लागते, मुदत द्यावी लागते आणि मग ठरलेल्या पद्धतीने विक्री करावी लागते. त्या मार्गाने गेलेल्या गाडीला टायटल मिळते. म्हणजे शेडमध्ये, गॅरेजमध्ये किंवा कोणाच्या आवारात वर्षानुवर्षे पडून असलेली गाडी विकणारा जर म्हणत असेल की मालक बेपत्ता आहे, तर त्याने ती प्रक्रिया का केली नाही हा प्रश्न विचारायलाच हवा. माझ्या विक्रेत्याला नोटीस पाठवायची नव्हती, कारण ती पोहोचली असती.

दाव्याला उत्तर देण्याजोगे माझ्याकडे फारसे काही नव्हते. ज्याची मालकी नाही त्याला ती दुसऱ्याला देता येत नाही, हे तत्त्व इतके जुने आणि पक्के आहे की मी पैसे मोजले, प्रामाणिकपणे मोजले, याने मूळ मालकाच्या हक्काला धक्का लागत नाही. त्या बाईंनी सुटे झालेले इंजिन आणि कापलेला पत्रा पाहून गाडीऐवजी किंमत मागितली. गाडीचे २०,००० आणि वकिलाची फी धरून हमी कंपनीने २२,७०० डॉलर दिले आणि ते माझ्याकडून हप्त्यांनी वसूल केले. दुरुस्तीचा खर्च यात धरलेला नाही. त्या बाईंविषयी माझी तक्रार नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच केले असते.

विक्रेत्याविरुद्धचे प्रकरण रेंगाळले आहे. थकलेल्या भाड्यापोटी गाडी विकण्याचा आपला समज होता, असा त्याचा बचाव आहे, आणि त्यामुळे पोलीस याकडे दिवाणी वाद म्हणून पाहतात. टेक्ससच्या कनिष्ठ न्यायालयात २०,००० डॉलरपर्यंतचे दावे कमी खर्चात चालतात, पण माझी एकूण रक्कम त्याहून मोठी आहे आणि तो दुसऱ्या राज्यात राहतो.

‘टायटल हरवले आहे’ असे कोणी म्हटले की पुढचे वाक्य एकच असावे: मग दुय्यम प्रत काढून द्या, मी थांबतो. नोंदीतल्या मालकाला ती अगदी किरकोळ पैशात मिळते. टेक्ससमध्ये टपालाने २ डॉलरला आणि समक्ष ५ डॉलर ४५ सेंटला. मालक वारला असेल तर वारसांना त्यासाठी वेगळी कागदपत्रे लागतात, पण तीही मिळतात. हजारो डॉलरने किंमत उतरवायला तयार असलेला माणूस इतक्या थोडक्या पैशांचा अर्ज करायला तयार नसेल, तर तो अर्ज त्याला करता येत नाही असाच त्याचा अर्थ होतो. गाडीच्या डिकीत जुनी नंबर प्लेट सापडली तर ती फेकू नये. शेवटची नोंद कोणत्या राज्यात झाली असेल, याचा तो सर्वांत सरळ धागा असतो. माझ्या मस्टँगच्या डिकीत, सुट्या चाकाखाली, ओक्लाहोमाची गंजलेली प्लेट होती, आणि विक्रेत्याने ती शोभेची वस्तू म्हणून मला भेट दिली होती.

ज्यांच्याकडे बाँडेड टायटलची गाडी आधीच आहे, त्यांनी प्रतिपूर्तीचा करार काढून वाचावा आणि बाँडची मुदत संपेपर्यंत गाडीवर मोठा खर्च करण्याआधी विचार करावा. माझी गाडी सध्या घरीच आहे. त्या बाईंनी हक्क सोडल्याचे लेखी दिले आहे आणि ३ वर्षे पुरी झाली की टायटलवरचा शेरा काढण्यासाठी अर्ज करता येईल. तोवर ती विकायची झाली तर शेरा खरेदीदाराला दाखवावा लागेल, आणि तो पाहून जे कोणी भाव पाडून मागतील त्यांचे मागणे रास्तच असेल.