रिपोर्टमध्ये एक नंबर, पण आंब्याची ऑर्डर एकही नाही

दिवाळी झाली की आंबा बागायतदारांना ‘वेबसाइट गूगलवर रँक करून देतो’वाल्यांचे फोन सुरू होतात, म्हणून आत्ताच लिहून टाकतोय. आमच्या काकांची देवगडला बाग आहे, पेट्या थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना पाठवतात, साधीशी वेबसाइट आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅप नंबर, बस. गेल्या सीझनच्या आधी त्यांना फोन आला, सर आम्ही गूगल पार्टनर आहोत, नव्वद दिवसात पहिल्या पानावर आणतो नाहीतर पैसे परत. महिना बारा हजार, आणि सहा महिन्यांचे आगाऊ दिले तर जीएसटी माफ. जीएसटी माफ म्हणजे बिलच नाही हो! पण बोलणारा पोरगा एवढा गोड की बहात्तर हजार गेले.

ते गूगल पार्टनर प्रकरण आधी सांगतो कारण त्याला लोक लगेच भुलतात. तो बिल्ला गूगलच्या जाहिराती चालवणाऱ्या एजन्सींना मिळतो, जाहिरातींखाली जे साधे रिझल्ट येतात त्याच्याशी त्याचा काही संबंध नाही. पहिल्या नंबरची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही असं गूगलने स्वतःच्या मदतीच्या पानावर लिहून ठेवलंय, आणि नीट काम केलं तरी फरक दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष लागतं हेसुद्धा तिथेच आहे. पण देवगडात बसलेला माणूस ते पान कशाला वाचायला जाईल.

आता खरी गंमत. त्यांनी दिलेला रिपोर्ट खोटा नव्हता! जानेवारीत रंगीत पीडीएफ आली, दहापैकी आठ कीवर्ड, म्हणजे गूगलवर शोधताना टाकायचे शब्द, एक नंबरला, शेजारी हिरवे बाण. काकांचा मला फोन, ‘एक नंबराक इलंव मां, मगे फोन कित्याक येणा नाय?’ मी पीडीएफ मागवली आणि बाण सोडून कीवर्ड वाचायला घेतले. पहिला होता ‘देवगड हापूस पाच डझन पेटी घरपोच कोथरूड शेतकरी थेट’. दुसरा म्हणजे काकांच्या बागेचंच नाव आणि पुढे ‘बेस्ट क्वालिटी आंबा’. अरे हे कोण टाइप करतं? लोक टाकतात ‘हापूस आंबा ऑनलाइन’ नाहीतर ‘देवगड हापूस रेट’, आणि तिथे मी पानांमागून पानं उलटली तरी आमची साइट नाही. एकट्यानेच शर्यतीत पळायचं आणि पहिला आलो म्हणून पेढे वाटायचे, त्यातला प्रकार. पैसे परत मागितले तर करार पुढे केला, कीवर्डची यादी ग्राहकाच्या संमतीने ठरेल असं त्यात लिहिलेलं, आणि संमती म्हणजे काय तर ती यादी व्हॉट्सअ‍ॅपवर आल्यावर काकांनी पाठवलेला अंगठा.

गूगलचं सर्च कन्सोल म्हणून एक फुकट टूल आहे, लोक काय शोधून तुमच्या साइटवर येतात, कितींना ती दिसली, कितींनी क्लिक केलं सगळं त्यात दिसतं. एजन्सीने ते स्वतःच्या ईमेलवर उघडून ठेवलेलं आणि आम्हाला फक्त स्क्रीनशॉट. नशीब होस्टिंगचा पासवर्ड काकांच्या वहीत होता, मी गूगलची व्हेरिफिकेशनची फाइल साइटवर टाकली आणि स्वतः मालक म्हणून आत शिरलो. त्या कोथरूडवाल्या कीवर्डपुढे पोझिशन एक, क्लिक शून्य, आणि साइट दिसली ती बोटावर मोजण्याइतक्या वेळा, तीसुद्धा बहुतेक रिपोर्ट बनवणाऱ्यांनाच दिसली असणार. 

मग त्यातच, बाहेरच्या कुठल्या साइटवरून आपल्याकडे लिंका येतात ते दाखवणारं पान उघडलं आणि डोकंच फिरलं. परदेशातल्या कसिनोच्या साइट, कुठलेतरी ओसाड ब्लॉग, नको त्या गोळ्या विकणारे, आणि सगळीकडे अक्षरशः एकाच वाक्यातून काकांच्या साइटला लिंक! बाहेरून लिंका जास्त दिसल्या की गूगल साइटला वर चढवेल या हिशोबाने हे घाऊक भावात विकत मिळतं, आणि बहात्तर हजारातलं ‘काम’ म्हणून जे झालं ते हेच. अशा लिंका गूगल आजकाल बऱ्याचदा मोजतच नाही, म्हणजे पैसे नुसते पाण्यात. पण आमच्या बाबतीत एप्रिलमध्ये, भर सीझनला, सर्च कन्सोलमध्ये मॅन्युअल अ‍ॅक्शनची, म्हणजे गूगलच्या माणसाने तपासून लावलेल्या शिक्षेची, नोटीस आली, साइटकडे येणाऱ्या लिंका अनैसर्गिक आहेत म्हणून. आधी जी थोडीफार माणसं गूगलवरून येत होती तीही बंद.

एजन्सीने केलं पण शिक्षा साइटला, हे मोठ्यांनाही चुकलेलं नाही. 2011 साली अमेरिकेतल्या जे. सी. पेनी या बड्या दुकानसाखळीचं असंच झालं, विकतच्या लिंका न्यूयॉर्क टाइम्सने उघड केल्या, कंपनी म्हणाली आम्हाला यातलं काही माहीत नाही आणि एजन्सीला काढून टाकलं, तरी गूगलने खाली ढकललं ते ढकललंच. त्यांची दुकानं तरी होती, काकांकडे मे संपला की विकायला काही उरत नाही.

साफसफाईलाही पैसे लागत नाहीत, नुसता जीव जातो. लिंका काढा म्हणून त्या साइटवाल्यांना मेल टाकले, एकाने लिंक काढायचेच पैसे मागितले, बाकीच्यांची यादी ‘या लिंका मोजू नका’ असं गूगलला सांगायच्या डिसअवाव टूलमध्ये टाकली आणि गूगलकडे फेरविचाराचा अर्ज केला, काय घडलं ते सगळं लिहून. नोटीस उठली तेव्हा पाऊस सुरू झालेला. वकिलांना विचारलं तर ते म्हणाले करार आहे, अंगठा आहे, बिल नाही, भांडायचं तर भांडा पण लवकर काही हाती लागेल असं नाही.

आणि ऐन मे महिन्यात त्याच गोड पोराचा काकांना परत फोन. सर, तुमच्या साइटला पेनल्टी लागलेली दिसतेय, आमच्याकडे रिकव्हरी पॅकेज आहे, वीस हजार, आणि ह्यावेळी पक्कं बिल देतो.