रानडुकरासाठी साधी सॉफ्ट नोज, बाँडेड की निव्वळ तांब्याची गोळी?

पीक संरक्षणाचा शस्त्रपरवाना आणि वनविभागाची लेखी परवानगी हाती असलेला शेतकरी काडतुसे घ्यायला दुकानात उभा राहतो, तेव्हा त्याच्यासमोर बोअरचा, म्हणजे नळीच्या मापाचा, प्रश्न नसतो. तो परवान्यावरच ठरलेला असतो. प्रश्न असतो तो गोळीचा. नागपूर जिल्ह्यात काटोल-नरखेडपासून उमरेड-भिवापूरपर्यंत ज्या रायफली दिसतात, त्या बहुतेक ३१५ बोअरच्या, आणि थोड्याफार थर्टी-ओ-सिक्स (.30-06) या मापाच्या. माझी दुसऱ्या प्रकारातली आहे. तिच्यासाठी मी साधी सॉफ्ट नोज (टोकाला उघडे शिसे असलेली), बाँडेड (शिसे आवरणाला आतून सांधलेली) आणि निव्वळ तांब्याची अशा तीनही गोळ्या वापरल्या असून, त्यातील एकीवर आता स्थिरावलो आहे. बारा बोअरच्या बंदुकीतल्या एलजी, म्हणजे मोठ्या, छऱ्यांचा विचार येथे केलेला नाही, कारण त्यांचे गणितच वेगळे आहे.

जनावराच्या अंगात गोळीचे तोंड पसरणे म्हणजे फुलणे, आणि खोल जाणे म्हणजे शिरणे; या दोन गोष्टी एकमेकींच्या मुळावर येतात, एवढे मनात पक्के असले की पुढचे सारे सोपे जाते. गोळीचे तोंड फुलून दुप्पट रुंद झाले, तर तिच्या वाटेत येणाऱ्या मांसाचे क्षेत्र चौपट होते. जखम मोठी होते, पण अडथळाही तेवढाच वाढतो आणि गोळी लवकर थांबते. न फुलणारी गोळी लांब जाते, मात्र वाटेत फारसे काही करत नाही. त्यामुळे प्रश्न फुलणारी की शिरणारी असा नसून, किती फुलून किती शिरणारी असा आहे, आणि त्याचे उत्तर जनावर, अंतर व वेग या तिघांवर अवलंबून राहते.

फुल जॅकेट, म्हणजे टोकासकट धातूच्या आवरणाने झाकलेली, जुनी मंडळी जिला हार्ड नोज म्हणतात ती न फुलणारी गोळी, मी तुलनेतून आधीच वगळली आहे. आरपार जाते म्हणून ती चांगली, असे गावात आजही ऐकू येते. फुलणाऱ्या गोळीला ‘दमदम’ हे नाव कोलकात्याजवळच्या ज्या कारखान्यामुळे पडले, तेथील गोळ्यांचा गाजावाजा होऊन १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने अशा गोळ्या युद्धात निषिद्ध ठरवल्या, हे खरे; पण तो नियम सैन्यासाठी होता. जनावराच्या बाबतीत विचार बरोबर उलटा आहे, आणि अनेक ठिकाणी मोठ्या जनावरांवर फुल जॅकेट वापरण्यासच मनाई आहे. बारीक भोक पाडून पलीकडे गेलेली गोळी डुकराला तीन शेते ओलांडू देते, आणि स्वतः कोणाच्या शेतात जाऊन पडेल याचा भरवसा नसतो. शेजारच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कोणी जागलीला बसलेले असताना ही जोखीम घेण्यासारखी नाही.

आता साधी सॉफ्ट नोज. शिशाचा गाभा, त्यावर तांब्याच्या मिश्रधातूचे जॅकेट आणि टोकाला उघडे शिसे, ही रचना शंभर वर्षांहून जुनी आहे व तिच्यात नाव ठेवण्यासारखे फारसे नाही. ३१५ बोअरवाल्यांनी तर या लेखाचा उरलेला भाग वाचला नाही तरी चालेल, असे मला प्रामाणिकपणे वाटते. मुळात एकोणिसाव्या शतकातल्या ऑस्ट्रियन लष्करी काडतुसावरून आलेली ही २४४ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) गोळी सेकंदाला जेमतेम २००० फुटांच्या आसपास वेगाने निघते. जड आणि संथ असल्यामुळे ती बेताने फुलते, सहसा फुटत नाही, आणि पुण्याजवळच्या खडकी कारखान्याच्या साध्या सॉफ्ट नोजवर या भागातील शेतकऱ्यांचे काम वर्षानुवर्षे भागत आले आहे. (दारूगोळ्याशी नागपूरचे नाते जुने, यंत्र इंडिया या सरकारी कंपनीचे मुख्यालयही येथेच, तरी आपल्या रायफलीचे काडतूस मात्र पुण्याकडून येते.)

थर्टी-ओ-सिक्सची गोष्ट निराळी आहे. १८० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २७०० फुटांनी निघते आणि मचाणावरून आपण जे नेम धरतो, ते फार तर ४०-५० मीटरवरचे. म्हणजे साधी सॉफ्ट नोज तिच्या सर्वाधिक वेगात, तिला सर्वात कमी सोसवणाऱ्या अंतरावर जनावराला लागते. त्यातून समोर मोठा नर असेल, तर त्याच्या खांद्यावर कूर्चेसारख्या घट्ट कातडीची ढालच असते, जी वयाबरोबर जाड होत जाते. वरून नाल्यात लोळून वाळलेल्या चिखलाचा थर असतो. गोळी या ढालीतच फुलायला लागते. पंचनाम्याच्या वेळी पलीकडच्या कातडीखाली हाताला लागलेले एक जॅकेट माझ्या चांगले लक्षात आहे: चार पाकळ्या मागे वळलेल्या, आतून रिकामे, कडेला शिशाची एक बारीक करडी रेघ तेवढी चिकटलेली. गाभा वाटेतच तुकडे होऊन विखुरला होता.

येथे न्यायाने सांगायला हवे की ते डुक्कर त्या गोळीनेच मेले होते, आणि बहुधा लवकर मेले होते. माझी तक्रार मारण्याबद्दल नाही, खुणेबद्दल आहे. मचाणावरून खाली मारलेली गोळी खांद्याच्या वरच्या अंगाला शिरते. ती आतच थांबली, तर वरचे ते एक भोक चरबीने बुजते, जे काही रक्त बाहेर येते ते राठ केस आणि चिखल शोषून घेतात, आणि बाकीचे छातीच्या पोकळीत साठत राहते. जमिनीवर थेंबही पडत नाही. नोव्हेंबरात सोयाबीन निघालेले असते, तूर डोक्याइतकी उभी असते, आणि गोळी बसल्याचा धप्प आवाज स्पष्ट ऐकूनही बॅटरीच्या उजेडात तुरीच्या एका पानावरसुद्धा रक्त दिसत नाही. जखमी नर आत असेल या धास्तीने रात्री कोणी तुरीच्या ओळींत पाऊल टाकत नाही, आणि ते टाकूही नये. सकाळी वनरक्षक पंचनाम्यासाठी येऊन उभे राहतात, तर दाखवायला जनावर नाही. त्याहून अडचणीची गोष्ट अशी की शेजारच्या शेतात कापूस वेचायला आलेल्या बाया, आत डुक्कर घायाळ पडले आहे हे कळताच, ओटी बांधायलाही तयार होत नाहीत, आणि त्यांचे चुकत नाही. दुपारी केव्हातरी ते दोन धुऱ्यांपलीकडे, काल रात्रीच मेलेल्या अवस्थेत सापडते. हे एकदा घडले असते, तर मी नेमाला दोष दिला असता. पुन्हा पुन्हा घडू लागले, तेव्हा गोळी बदलायचे ठरवले.

बाँडेड गोळीत फरक दिसायला लहान आहे. शिशाचा गाभा जॅकेटला आतून सांधलेला असतो, त्यामुळे पाकळ्या वळल्या तरी शिसे त्यांना धरून राहते. साधी सॉफ्ट नोज ज्या वेगात निम्म्याच्या आसपास वजन गमावून बसू शकते, तेथे बाँडेड बहुतांश वजन राखते. याच दुखण्यावर दुसरा जुना उपाय म्हणजे गोळीच्या पोटात आडवी भिंत घालून मागचा भाग शाबूत ठेवणे. अमेरिकेतल्या जॉन नॉस्लर यांच्या साध्या गोळ्या १९४६ मध्ये चिखलाने माखलेल्या एका मूसच्या (तिकडचे मोठे हरीण) खांद्यावर फसल्या, आणि त्यातून सुचलेली त्यांची पार्टिशन गोळी १९४८ मध्ये बाजारात आली. चिखल आणि खांदा ही जोडी आपल्याकडेही तीच आहे, म्हणून ही हकिगत मला जवळची वाटते.

नेमबाजीच्या रेंजवर, परवानगी घेऊन, रद्दीतल्या वर्तमानपत्रांचे रात्रभर भिजवलेले गठ्ठे एकामागे एक लावून आम्ही काही गोळ्या मारून पाहिल्या. हे मोजमाप शास्त्रीय नव्हते. ओला कागद म्हणजे हाड-मांस नव्हे. तरीही साध्या गोळीने पहिल्या गठ्ठ्यात मोठा खळगा पाडून पुढे तुकडेच पाठवले, तर बाँडेडचे छत्रीसारखे फुललेले, अखंड तोंड बऱ्याच मागच्या गठ्ठ्यात सापडले. शेतात त्याचा अर्थ असा झाला की गोळी बहुधा पलीकडून बाहेर पडू लागली, आणि मचाणाच्या उतरत्या कोनामुळे ते भोक छातीच्या खालच्या अंगाला पडू लागले. रक्त तेथून लगेच खाली येते. तुरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच पानांवर माग मिळतो.

निव्वळ तांब्याची गोळी कागदावर याहूनही सरस आहे, हे नाकारता येणार नाही. १९८९ मध्ये आलेल्या बार्न्स या अमेरिकी कंपनीच्या एक्स गोळीपासून हा प्रकार रुजला. तोंडाला पोकळी असते, तीत शिरलेल्या ओल्या मांसाच्या दाबाने पाकळ्या उघडतात, आणि वजन जवळजवळ पूर्ण टिकते. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने त्याच वजनाची गोळी लांब होते, म्हणून एक पायरी हलकी घ्यावी लागते. ती तेवढीच खोल जाते, त्यामुळे तोटा होत नाही. परदेशात तिच्या बाजूने दिला जाणारा सर्वात मोठा मुद्दा शिशाच्या विषबाधेचा आहे. कॅलिफोर्नियात तर काँडोर गिधाडांच्या मृत्यूंपासून सुरू झालेला हा विषय १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या सरसकट बंदीपर्यंत गेला. आपल्याकडे या मुद्द्याचे अर्धे वजन आपोआप उतरते, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीने मारलेले जनावरही सरकारची मालमत्ता असते. ते कोणाच्या ताटात जात नाही. उरलेला अर्धा मुद्दा, मेलेले जनावर उघड्यावर राहिल्यास ते खाणाऱ्या पक्ष्यांचा, मला मान्य आहे. ज्यांचे शेत पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्याच्या संरक्षित जंगलाच्या कडेला आहे, त्यांनी तो मनावर घेऊन तांबे निवडले तर मी त्यांना अडवणार नाही.

माझे मन मात्र दोन कारणांनी तिच्यावर बसले नाही. एक तर ती बाहेर पडते तेव्हा अंगात बराच जोर शिल्लक ठेवून पडते. मचाणाखाली काळी माती असल्याने ती बहुधा जमिनीत गाडली जाते, पण सपाटीवरून, धुऱ्याआडून मारण्याची वेळ आली तर मला ती धोक्याची वाटते. दुसरे म्हणजे नळीत तांब्याचा थर लवकर चढतो, आणि तो नीट साफ न केल्यास नेम सरकू लागतो. कामाच्या ऐन हंगामात रायफल साफ करत बसण्याचा उत्साह प्रत्येकाला असेलच असे नाही. किमतीचे म्हणाल, तर आयात काडतुसे मिळण्याचीच मारामार असते, त्यामुळे बाँडेड आणि तांबे यांतला फरक दुकानात त्या दिवशी काय आहे यावर ठरतो. एका विक्रेत्याने बाँडेड म्हणून दिलेला डबा घरी येऊन पाहिला तर साध्या सॉफ्ट नोजचा निघाला. डब्यावरचे नाव दुकानातच वाचून घ्यावे.

वजनाबाबत, साधीच सॉफ्ट नोज घेण्यावाचून पर्याय नसेल तर थर्टी-ओ-सिक्समध्ये १५० ऐवजी १८० ग्रेनची घ्यावी. जवळच्या अंतरावर ती कमी फुटते, आणि माझी निम्मी तक्रार तेवढ्यानेही मिटू शकते. बाँडेड मिळाली तर १६५ सुद्धा पुरते. मात्र गोळीचा प्रकार किंवा वजन बदलले की नेमाचे ठिकाण बदलते आणि रायफल नव्याने नेमाला लावून घ्यावी लागते, ज्यात काडतुसे खर्च होतात. परवान्यावर वर्षाला किती काडतुसे घेता येतील हे लिहिलेले असते, आणि तो आकडा आपल्या हौसेचा विचार करून लिहिलेला नसतो. म्हणून जी निवडाल तिची हंगामाला पुरतील एवढी काडतुसे शक्यतो एकाच लॉटची, दिवाळीपूर्वी घ्यावीत, आणि तूर उंच व्हायच्या आत रायफल लावून ठेवावी.