25 मिमीच्या जाड सुया: सात महिने विणल्यानंतर

मध्यंतरी एका रात्री पांघरुणाची साठावी ओळ चालू होती आणि दोन सुयांना जोडणारी वायर उजव्या सुईच्या सांध्यातून निखळली. 45 पैकी 19 टाके सुटले, वजनाने आणखी ओढले गेले. मी ते तिथेच जमिनीवर पसरलं आणि बारापर्यंत एकेक टाका उचलत बसले.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं: सात दिवसांनंतर बदलून मिळत नाही, शिवाय सुई तुटलेली नाही. अहो, वायरवाल्या सुईत सांधाच तर महत्त्वाचा! तो गेला की उरतात दोन दांडकी. 1,350 रुपये मोजलेत मी.

घेणाऱ्यांनी नंबर नीट बघा. आपल्याकडच्या जुन्या ब्रिटिश नंबरात आकडा वाढला की सुई बारीक होते; 10 नंबर म्हणजे 3.25 मिमी. अमेरिकन नंबर उलटे, 50 नंबर म्हणजे 25 मिमी. सासूबाईंना वाटलं होतं मी केसाएवढी सुई मागवली. पार्सल उघडल्यावर त्यांनी शेजारी लाटणं ठेवून पाहिलं.

लोकरीचं थोडक्यात: न पिळलेली जाड लोकर महाग, आणि माझ्या उशीच्या कव्हरवर दोन महिन्यांत तिचे गोळे आले. तेव्हापासून साध्या ॲक्रिलिकचे बारा धागे एकत्र धरून विणते. सगळे टाके सुलट, 10 सेमीत पाच.

सुरुवातीला मी भेटेल तिला वायरवाल्याच सुया घ्यायला सांगत होते, कारण वजन मांडीवर राहतं, मनगटावर येत नाही. सांधा गेल्यावर 20 मिमीची क्रोशाची सुई काढली. अखंड लाकूड, निखळायला काही नाही, आणि एकच टाका मोकळा असल्याने काम कधीही ठेवता येतं. आठवडाभर मत तिच्याच बाजूने होतं. पण क्रोशा लोकर फार खातो आणि वीण ताठ होते. चटईला चालेल, पांघरुणाला नाही.

शेवटी सुया घेऊन मिरजेला गेले. सतार-तंबोऱ्याच्या कारखान्यात ओळखीचे काका आहेत. मिरजेच्या या वाद्यांना 2024 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, ते अशाच हातांमुळे. काकांनी सांध्यावरून नुसती नखाची कड फिरवली. "ताई, इथे ओठ राहिलाय. टाका अडतो, तुम्ही रेटता, आणि प्रत्येक रेट्याला सांधा उघडतो." सात महिने मला वाटत होतं, माझाच हात घट्ट आहे!

त्यांनी जुना गोंद खरवडला, वायरचं गुळगुळीत टोक कानशीने खरबरीत केलं, दोरा गुंडाळून पुन्हा बसवलं, कड घासून लाखेचं पॉलिश दिलं. दुसऱ्या सुईचा ओठही घासला. 150 रुपये, तेही मी आग्रह केला म्हणून घेतले.

आता टाके अडत नाहीत. पूर्वी वीस मिनिटांना होणारी ओळ काल बारा मिनिटांत झाली. नवीन सुया हातात आल्या की पहिल्याच दिवशी सांध्यावरून नख फिरवा. अडलं तर सात दिवसांच्या आत परत करा. माझ्या बावीस ओळी राहिल्यात.